पोती कोण उचलणार?

स्वदेशी प्रोसेसरची बातमी आली की आमच्या घरच्या ग्रुपवर तिरंग्यांचा पाऊस पडतो. मामा लिहितात "अभिमान!", मावशी नमस्काराचे हात टाकते. अभिमान मलाही आहे. पण मंडळी, त्या चिपवर काम करणारी पोती कोण उचलणार, हे कुणीच विचारत नाही. आज त्याच विषयावर थोडं भांडायचं आहे.

आधी पोती म्हणजे काय ते सांगतो. आमची घोटी भाताच्या गिरण्यांचं गाव. गिरणी कितीही झकास असो, भात आत आणणारा आणि तांदूळ ट्रकमध्ये चढवणारा हमाल सुस्त असेल तर गिरणी रिकामी फिरते. संगणकात हे हमाल म्हणजे मेमकॉपी, स्ट्रलेन अशी छोटी छोटी फंक्शनं. एक मजकूर इथून उचलून तिथे ठेवतं, दुसरं शब्द कुठे संपतो ते शोधतं. वरचा प्रत्येक प्रोग्राम, मग तो बँकेचा असो की गाण्यांचा, शेवटी यांनाच हाका मारतो. गूगलच्या डेटासेंटरांचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात प्रोसेसरांचा ४ ते ५ टक्के वेळ नुसत्या या उचल-ठेवीत जातो असं दिसलं. एवढ्या मोठ्या कारभारात ४ टक्के म्हणजे चेष्टा नव्हे!

आता कुणी म्हणेल, एक बाइट उचल, एक बाइट ठेव, यात काय अक्कल लागते? लागते. शहाणा हमाल एकेक दाणा नेत नाही. स्ट्रलेन एकदम आठ बाइट उचलून त्यात कुठे शून्य आहे का ते एका हिशेबात ओळखतं. व्हेक्टर आदेश असतील तर सोळा, बत्तीस, चौसष्ट. पण दहा बाइटांसाठी मोठा ट्रक बोलावला तर ट्रक वळवण्यातच वेळ जातो, म्हणून लहान मालाची वाट वेगळी. शिवाय प्रत्येक प्रोसेसरचा स्वभाव निराळा. एखादा आडव्यातिडव्या पत्त्यावरचा माल सहज उचलतो, तर एखादा तिथे अडखळून अनेक पट वेळ खातो. म्हणूनच लिनक्सच्या जीलिबसीत इंटेल-एएमडी घराण्यासाठी एकाच मेमकॉपीच्या अनेक आवृत्त्या आहेत, आणि प्रोग्राम सुरू होताना समोरच्या चिपला साजेशी निवडली जाते. हे आपोआप झालेलं नाही. चिप बनवणाऱ्या कंपन्यांनी पगारी माणसं बसवून वर्षानुवर्षं करून घेतलं आहे.

आपल्याकडे उलटं. पुण्याच्या सी-डॅकने १९९१ साली परम ८००० उभा केला तेव्हा आतले ट्रान्सप्युटर इनमॉस या ब्रिटिश कंपनीचे होते. कर्तृत्व आपलं होतं ते अनेक चिप एका गाड्याला जुंपण्यात आणि त्यांच्यासाठी सॉफ्टवेअर लिहिण्यात. आज मद्रास आयआयटीचा 'शक्ती' आहे, सी-डॅकच्या तिरुवनंतपुरम केंद्राचा 'वेगा' आहे, दोन्ही रिस्क-फाइव्ह या खुल्या आदेशसंचावर. चिप आपली झाली, पण हमालांचं कौतुक मात्र गेलं! रिस्क-फाइव्हचे व्हेक्टर आदेश पक्के झाले तेच २०२१ साली, त्यामुळे तिथे हे काम अजून भरपूर बाकी आहे. ते आपण केलं नाही तर परदेशी चिपसाठी जे जमलं त्याच्यावर आपली चिप चालणार, आणि मग आपणच म्हणणार, "देशी माल ना, हळूच असणार."

"हार्डवेअर स्वस्त आहे, एवढी काटकसर कशाला?" हा नेहमीचा युक्तिवाद. एका दुकानाच्या हिशेबाच्या प्रोग्रामला तो लागू आहे. ज्याच्यावर सगळं गाव उभं आहे त्या पायाला नाही.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. वेगाच्या नादात मोडतोड होते. २०१० साली फेडोरा १४ वर फ्लॅशमधून आवाज खरखरत येऊ लागला. कारण? नव्या वेगवान मेमकॉपीने काही चिपवर उलट्या बाजूने माल उचलायला सुरुवात केली होती, आणि फ्लॅश एकमेकांवर चढलेल्या जागांसाठी मेममूव्हऐवजी मेमकॉपी वापरत होतं. नियमाने चूक फ्लॅशची. पण टोरवाल्ड्सने बाजू घेतली ती वापरणाऱ्यांची, आणि पुढे जीलिबसीने जुन्या प्रोग्रामांसाठी जुनी वागणूक जपली. यातून मी धडा घेतो तो एवढाच, की हे एका रात्रीत मर्दुमकी गाजवण्याचं काम नाही. मोजा, तपासा, सांभाळा, असं वर्षानुवर्षं चालणारं आहे.

आणि आपण ते का करायचं याचं सगळ्यात मोठं कारण आपली लिपी. 'घोटी' लिहायला यूटीएफ-८ मध्ये १२ बाइट लागतात, इंग्रजीत ५. वेगवान फंक्शनं बहुधा आधी बघतात, सगळी अक्षरं इंग्रजी आहेत का? असतील तर झपाट्याचा रस्ता, नसतील तर एकेक तपासत बसायचं. मराठी मजकूर तिप्पट ओझं घेऊन आडरस्त्याने चालतो. एका कार्यालयाच्या पावतीवर माझ्या तालुक्याचं नाव 'इगतपुर' आणि पुढे एक चौकोन असं छापून आलं. इगतपुरीला २१ बाइट लागतात. जागा २० ची ठेवली असेल, शेवटचा शून्य धरून, तर सहा चिन्हं बसतात आणि वेलांटीचा तुकडा पडतो. कुणी परदेशी माणूस इगतपुरी घालून चाचणी घेणार आहे का? आपणच घ्यायला हवी.

तेव्हा इंजिनिअरिंगच्या भाच्या-पुतण्यांनो, फायनल इयरला आणखी एक हजेरीचं ॲप नको. एक रिस्क-फाइव्ह बोर्ड घ्या, देवनागरी मजकूर घ्या, आणि यूटीएफ-८ तपासायला किती वेळ लागतो ते मोजा. मग तो कमी करा. सगळा सोर्स खुला आहे, कुणाची परवानगी लागत नाही. सत्कार होणार नाही, पेपरात फोटोही येणार नाही. पण चिप पळेल, आणि मग मामांच्या तिरंग्याला मीही एक जोडीन.