समोर काय आहे?

‘लांब पल्ल्यासाठी सर्वांत चांगले काडतूस कोणते?’ असे कोणी विचारले, की आम्ही आधी विचारतो, समोर काय आहे? कागद, जनावर की चिलखत घातलेला सैनिक?

.३०८ विंचेस्टरची १६८ ग्रेनची मॅच गोळी आणि ६.५ क्रीडमूरची १४० ग्रेनची, दोन्ही नळीतून साधारण सारख्याच वेगाने सुटतात : सेकंदाला सुमारे ८२० मीटर. हजार यार्डांवर पोहोचेपर्यंत .३०८ ची गोळी ध्वनीच्या वेगाजवळ आलेली असते. क्रीडमूरची बारीक, लांबट गोळी हवा सहज कापते, त्यामुळे तिचा वेग अजून बराच टिकून असतो. वाऱ्याने ती कमी सरकते आणि खांद्याला धक्काही कमी बसतो.

पण म्हणून .३०८ मोडीत काढू नये. पाल्मा या लांब पल्ल्याच्या नेमबाजी सामन्यांत ८००, ९०० आणि १००० यार्डांवर आजही प्रामुख्याने तेच चालते. नियमच तसा आहे. सगळ्यांच्या हाती वाऱ्याने हलणारी गोळी असली, की वारा कोणाला वाचता येतो हे गुणपत्रिकेवर लख्ख दिसते. आम्हाला हा नियम फार आवडतो.

सैन्याचे गणित निराळे. १८९९ च्या हेग घोषणेने शरीरात उमलणाऱ्या गोळ्या युद्धात वर्ज्य केल्या. त्यात लांबवर चिलखत भेदायचे तर वजन आणि वेग, दोन्ही हवेत. .३३८ लापुआ मॅग्नमची २५० ग्रेनची गोळी सेकंदाला ९०० मीटरच्या आसपास सुटते. २००९ मध्ये अफगाणिस्तानात क्रेग हॅरिसन या ब्रिटिश सैनिकाने २,४७५ मीटरवर साधलेला नेम याच काडतुसाचा.

शिकाऱ्याला नेमकी उमलणारीच गोळी लागते. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार आज हौशी शिकारीला बंदी असल्याने हा प्रश्न उरलेला नाही. परदेशात परवान्याने शिकार करणाऱ्या वाचकांसाठी मात्र स्पष्ट लिहितो. वेग सेकंदाला ५५० मीटरच्या खाली गेला, की अनेक शिकारी गोळ्या नीट उमलत नाहीत. क्रीडमूरचा वेग हजार यार्डांच्या बराच अलीकडे तिथवर उतरतो. अनेक मॅच गोळ्यांच्या टोकाला भोक असते, ते उमलण्यासाठी नव्हे. गोळी घडवताना राहिलेले असते. अशा गोळ्या हरणावर वापरू नयेत. शिवाय हजार यार्ड कापायला गोळीला दीड सेकंद लागतो, आणि तेवढ्यात चरणारे हरीण एक पाऊल पुढे टाकते. छातीवर धरलेला नेम पोटात बसतो. कागदावर कितीही बारीक गट येत असला, तरी इतक्या लांबून जनावरावर बार टाकू नये.