साक्षीचे भय कोणाला?

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण आम्ही प्रवचनपीठावरून अनेकदा उच्चारली आहे. भांडखोर शेजाऱ्यांची समजूत घालताना ती उपयोगीही पडली. परंतु हीच म्हण आपल्या कुटुंबांत पोलीस ठाण्याच्या बाबतीत अशी काही मुरली आहे की, तिचे आता शहाणपण राहिले नसून भित्रेपणाचे पांघरूण झाले आहे. तिच्याविरुद्ध लिहिण्यास आम्ही का बसलो, ते आधी सांगितले पाहिजे; कारण दोष प्रथम आमचाच आहे.

राहू बेटात उसाच्या हंगामात रात्रभर ट्रॅक्टर धावत असतात. अशाच एका रात्री आमच्या ओळखीच्या एका तरुणाची गाडी अडविली गेली. दंड मागितला गेला, पावती मात्र मिळेना. तेव्हा त्याने खिशातला मोबाईल काढून चित्रण सुरू केले. मोबाईल हिसकावून घेण्यात आला, चित्रण पुसण्यात आले आणि 'सरकारी कामात अडथळा' आणल्याचा गुन्हा दाखल करण्याची धमकी मिळाली. पहाटे त्याची आई आमच्या दारी आली. "फादर, तुम्ही संगं चला. पोरगं पाया पडंल, पण केस नको." आम्ही गेलो. मुलाने मान खाली घालून माफी मागितली, आम्हांस चहा मिळाला आणि एक संकट टळले या समाधानात आम्ही परतलो. वाटेत मुलाने एवढेच विचारले, "फादर, माझी चूक काय झाली?" आम्ही उत्तर दिले नाही. हा लेख म्हणजे ते उशिरा दिलेले उत्तर होय.

तुझी चूक काहीच नव्हती. सार्वजनिक रस्त्यावर कर्तव्य बजावणाऱ्या पोलिसाचे चित्रण करण्यास सरसकट मनाई करणारा कायदा या देशात नाही. ज्या 'अडथळ्या'चा धाक घातला जातो, त्याची कलमे भारतीय न्याय संहितेत आहेत. कलम 132 ला हल्ला किंवा बळाचा वापर लागतो. कलम 221 ला कामात जाणूनबुजून आणलेला खरा अडथळा लागतो. चार पावले दूर उभे राहून मोबाईल धरणे हा ना हल्ला आहे, ना अडथळा. तपासाच्या कारणासाठी मोबाईल जप्त करावयाचा झाल्यास त्याची रीतसर नोंद व्हावी लागते आणि दंडाधिकाऱ्यांस कळवावे लागते. त्यातील चित्रण परस्पर पुसून टाकण्याचा अधिकार मात्र कोणत्याही कलमाने कोणत्याही पोलिसास दिलेला नाही.

हे आमचेच मत नव्हे. वर्धा येथे 2018 साली पोलीस ठाण्यात चित्रण केल्याबद्दल एका नागरिकावर 1923 च्या शासकीय गुपिते अधिनियमाखाली गुन्हा नोंदविण्यात आला होता. हेरगिरीसाठी केलेला तो इंग्रजी अमदानीतील कायदा! मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2022 मध्ये तो गुन्हा रद्द केला. त्या कायद्यातील 'प्रतिबंधित स्थाना'च्या व्याख्येत पोलीस ठाणे बसत नाही, असे न्यायालयाने स्पष्ट सांगितले. पुढे पाथर्डीच्या दोन भावांनी आपल्या तक्रारीसंबंधी पोलिसाशी झालेले बोलणे ध्वनिमुद्रित केले, तेव्हा त्यांच्यावरही हाच कायदा लावण्यात आला. 2024 मध्ये औरंगाबाद खंडपीठाने तो आरोप टिकू दिला नाही. उरलेल्या कलमांचा विचार खालच्या न्यायालयाकडे सोपविला. म्हणजे चित्रणाच्या नावाखाली काहीही करण्याचा परवाना मिळाला असे नव्हे. पण चित्रण म्हणजे हेरगिरी, हे ढोंग संपले.

पोलिसांची बाजू आम्हांस ठाऊक नाही असे नाही. सणासुदीलाही घरी न जाणारे शिपाई आम्ही पाहिले आहेत. अर्धवट चित्रफीत पसरवून एखाद्या सज्जन माणसाची अब्रू घेणारे उपटसुंभही आहेतच. परंतु अर्ध्या चित्रफितीवरचा उपाय म्हणजे पूर्ण चित्रफीत. कोरी चित्रफीत नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2020 मध्ये प्रत्येक पोलीस ठाण्यात आवाजासह चित्रण करणारे कॅमेरे बसविण्याचा आदेश दिला. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 105 ने झडती व जप्तीचे चित्रण पोलिसांवरच बंधनकारक केले. शासन स्वतःच ज्या साक्षीदारास आत बोलावते, तोच साक्षीदार नागरिकाच्या हाती दिसला की गुन्हेगार कसा ठरतो? प्रामाणिक शिपायास कॅमेऱ्याचे भय नसते. खोट्या आरोपातून तोच त्याची सुटका करतो.

आमच्यातील काही भाविक रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय पुढे करतील: अधिकाऱ्यांच्या अधीन असा. तो लिहिणारा संत पौल स्वतः कसा वागला, हेही वाचावे. फिलिप्पैत त्याला चौकशीविना फटके मारून कोंडले आणि नंतर गुपचूप सोडू पाहिले. पौल निघाला नाही. आम्ही रोमी नागरिक आहोत, अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आम्हांस बाहेर न्यावे, असे त्याने बजावले. आणि थप्पड मारणाऱ्या शिपायास आपल्या प्रभूनेही विचारले होतेच की, माझे चुकले असेल तर सिद्ध कर, नसेल तर मारतोस का? नम्रता म्हणजे अन्यायाची पावती फाडून टाकणे नव्हे.

अर्थात हक्काबरोबर जबाबदारी येते. अंतर राखावे, शिवीगाळ करू नये, वाट अडवू नये. अत्याचारित स्त्रीची किंवा बालकाची ओळख कदापि उघड करू नये. तो गुन्हा आहे. चित्रण करणे निराळे आणि ते गावभर पसरविणे निराळे. मूळ मोबाईल जपून ठेवावा. जालन्याच्या निवडणूक खटल्यात 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, मूळ साधन हजर न करता केवळ प्रत दिली तर प्रमाणपत्र आवश्यक ठरते.

एवढे तरी प्रत्येक घरात पाठ असावे. अटकेचे कारण सांगणे, नातलगास कळविणे, साक्षीदाराच्या सहीचा अटक-पंचनामा करणे आणि 24 तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे उभे करणे बंधनकारक आहे. यांपैकी नातलगास कळविण्याचे आणि अटक-पंचनाम्याचे नियम 1996 च्या डी. के. बसू निकालाने देशभर घालून दिले. सूर्यास्तानंतर स्त्रीला अटक करता येत नाही. अपवादात्मक प्रसंगी महिला अधिकारी आणि दंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. साक्षीदार म्हणून स्त्रीला वा साठीपुढील वृद्धाला ठाण्यात बोलावता येत नाही. पोलिसांनी घरी यावे. दखलपात्र गुन्ह्याची तक्रार ठाण्याने नाकारल्यास ती पोलीस अधीक्षकांकडे लेखी पाठवावी आणि तेथेही दाद न लागल्यास दंडाधिकाऱ्यांकडे जावे.

त्या आईने आमच्यावर विश्वास टाकला आणि आम्ही तिच्या मुलाला वाकायला शिकविले. पुढच्या वेळी अशी एखादी माउली पहाटे दारी आली, तर आम्ही तिच्याबरोबर जरूर जाऊ. परंतु तेव्हा हाती माफीपत्र नसेल, तक्रार अर्ज असेल; आणि त्याची शिक्क्यानिशी पोच घेतल्याशिवाय आम्ही चहाला हात लावणार नाही.