एक पेन्सिल, एक पान



श्रावणातली झड लागली की तीन-तीन दिवस शेतात पाय घालता येत नाही. वापसा येईपर्यंत कोळपे कोपऱ्यात, बैल गोठ्यात आणि माणसे ओसरीवर. मोठी माणसे निदान दोर वळतात, बियाणे निवडतात. मुले मात्र कंटाळून एकमेकांच्या खोड्या काढतात. अशा दिवसांसाठी आज एक विषय घेतला आहे. शिसपेन्सिलीने चित्र कसे काढावे, हा तो विषय.

काही जण म्हणतील, साहेबांना आज झाले तरी काय? खते-औषधे सोडून हे चित्रकलेच्या मास्तरांच्या वावरात कुठे शिरले? शंका रास्त आहे. पण या पेन्सिलीने मला एकदा चांगलाच धडा शिकवला आहे. आधी तो सांगतो.

मी नोकरीला नवा होतो तेव्हाची गोष्ट. बाजाराच्या दिवशी एक शेतकरी माझ्याकडे आले. म्हणाले, "साहेब, मिरचीवर चुरडामुरडा आलाय." मी मान हलवली आणि फुलकिड्यांचे औषध चिठ्ठीवर लिहून दिले. पान आणलेत का, असे विचारलेसुद्धा नाही. त्यांनी उसनवारी करून औषध आणले, दोन फवारे मारले. काही उपयोग झाला नाही. तिसऱ्या आठवड्यात ते पुन्हा आले तेव्हा त्यांची शाळकरी मुलगी बरोबर होती. ती रेखाकलेच्या परीक्षेची तयारी करीत होती आणि चित्रांची वही पिशवीत होती. बाप माझ्याशी बोलत होता तोवर ती वही चाळत बसली. एका पानावर मिरचीची फांदी काढलेली दिसली. मी सहज वही हातात घेतली. फांदीच्या शेंड्याची पाने कडांनी खाली वळलेली होती, पालथ्या होडीसारखी. देठही लांबट काढले होते.

मी विचारले, "बाळ, पाने अशी खाली का वळवलीस?"

ती म्हणाली, "मी नाही वळवली. तशीच आहेत."

संध्याकाळी मी त्यांच्या वावरात गेलो. कोवळ्या पानाच्या पाठीवर भिंग धरले, तर कोळी वळवळत होते. फुलकिड्यांचे औषध कोळ्यांना काय करणार? उलट कोळ्यांना खाणारे मित्रकीटकच त्या फवाऱ्यांत गेले असणार. मग गंधकाची फवारणी सांगितली. पीक सावरले, पण दोन तोडे हातचे गेले ते गेलेच. त्या भल्या माणसाने मला एक शब्द लावून बोलले नाही. निघताना एवढेच म्हणाले, "साहेब, पोरीनं बघितलं. आपण दोघांनी नुसतं नाव ऐकलं."

ते वाक्य मी विसरलो नाही. चुरडामुरडा हे एकच नाव, पण त्यामागे वैरी तीन. फुलकिडे रस शोषतात तेव्हा पानाच्या कडा वर वळतात, पान सरळ ठेवलेल्या होडीसारखे दिसते. कोळी असले तर कडा खाली वळतात. आणि पांढऱ्या माशीने विषाणू आणला असेल तर पाने बारीक होऊन गुच्छ होतो, झाड खुरटते. ते झाड औषधाने बरे होत नाही, उपटून नष्ट करावे लागते. कानाला तिन्ही सारखीच. डोळ्याला वेगळी. चित्र काढायला बसलेल्या माणसाला ती वेगळी दिसतातच, कारण कडेची रेघ वर न्यायची की खाली, हे त्याला ठरवावेच लागते.

म्हणून आता पेन्सिल हातात घेऊ.

पेन्सिलीत शिसे नसते

आपण शिसपेन्सिल म्हणतो, पण तिच्यात शिसे नसते. आत असते ते ग्राफाइट, म्हणजे कोळशाच्याच कुळातला एक मऊ काळा खनिज पदार्थ. इंग्लंडमध्ये बोरोडेल नावाच्या भागात सोळाव्या शतकात त्याचा उत्तम साठा सापडला. तिथले मेंढपाळ त्याने मेंढ्यांवर खुणा करीत, असे सांगतात. लोकांना ते शिसेच वाटले आणि नाव चिकटले. पुढे फ्रान्स आणि इंग्लंड यांचे युद्ध जुंपले, फ्रान्सला हा माल मिळेना. तेव्हा १७९५ मध्ये निकोला-जाक काँते या फ्रेंच माणसाने ग्राफाइटची पूड चिकणमातीत मळली, कांड्या केल्या आणि त्या भट्टीत भाजल्या. आपल्या कुंभाराचीच विद्या म्हणा ना. आजही पेन्सिल मुळात याच रीतीने होते.

माती जास्त तर कांडी कडक आणि रेघ फिकट. तिच्यावर 'एच' लिहिलेले असते. ग्राफाइट जास्त तर कांडी मऊ आणि रेघ काळी. तिच्यावर 'बी' असते. आकडा वाढेल तसा तो गुण वाढतो. २ बी पेक्षा ६ बी मऊ. शाळेत लिहायला वापरतात ती एचबी, दोहोंच्या मधली. मुलाला डझनभर पेन्सिली घेऊन देऊ नका. एक एचबी आणि एक ४ बी एवढ्यावर वर्ष निघते. कागदही महागाचा नको. पाठकोरा कागद सरावाला पुष्कळ झाला. टोक मात्र जरा लांब काढावे, आणि पाते धरायचे काम लहान मुलांकडे न देता मोठ्यांनी करावे.

सरळ रेघ आणि सरळ तास

नांगराचा तास सरळ कसा येतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. जो बैलांच्या पायांकडे बघतो त्याचा तास वाकडा जातो. जो समोरच्या बांधावरचे झाड धरतो त्याचा सरळ येतो. रेघेचेही तसेच आहे. कागदावर दोन ठिपके द्या. पेन्सिलीचे टोक पहिल्या ठिपक्यावर ठेवा आणि नजर दुसऱ्यावर. आता हात चालवा. टोकाकडे बघत राहिलात तर रेघ कापते.

लिहिताना आपण पेन्सिल टोकाजवळ धरतो. तिथून फक्त बोटे हलतात आणि लहानच रेघ निघते. लांब रेघेसाठी पेन्सिल जरा मागे, सैल धरावी आणि हात कोपरातून, खांद्यातून फिरवावा. बारीक कामाला मात्र पुन्हा टोकाजवळ यावे. हाताखाली एक कोरा कागद ठेवावा, म्हणजे घामाने आणि घासण्याने चित्र काळवंडत नाही.

पहिले दोन दिवस चित्र काढूच नका. फक्त रेघा ओढा. एक पान उभ्या रेघांचे, एक आडव्या, एक तिरप्या. दोन रेघांमधले अंतर तिफणीच्या तासांसारखे सारखे पडले पाहिजे. मग एकच रेघ अशी ओढा की ती फिकट सुरू होईल, मध्ये दाबाने काळी होईल आणि पुन्हा फिकट होत संपेल. हा दाब हातात बसला की निम्मे काम झाले. मग गोल. गोल एका झटक्यात येत नाही. हात न टेकवता हलकेच दोन-तीन वेढे घ्यावेत आणि त्यातला बरा धरून पक्का करावा.

नवशिक्याच्या दोन चुका हमखास असतात. एक, सुरुवातीलाच दाबून रेघ काढणे. अशा रेघेची कागदावर चरी पडते आणि खोडरबराने ती जात नाही. पहिला आराखडा इतका हलका असावा की हातभर अंतरावरून जेमतेम दिसावा. दुसरी चूक म्हणजे तीच रेघ भीत भीत दहा वेळा गिरवणे. मग तिला केस फुटतात. चुकली तर चुकू द्या, शेजारी दुसरी नीट ओढा, आणि शेवटी पहिली खोडा.

उजेड आणि सावली

नुसत्या कडेच्या रेघेने वस्तू चपटी दिसते. तिला गोलाई येते ती उजेड-सावलीने. दाराजवळ, उजेड एकाच बाजूने येईल असे, एक वांगे ठेवा. डोळे बारीक करून बघा. उजेडाकडे एक पांढरा चट्टा चमकतो, पुढे अंग हळूहळू गडद होत जाते, आणि वांगे जिथे जमिनीला टेकते तिथली सावली सर्वांत काळी असते. तो पांढरा चट्टा काढायचा नसतो. तेवढा कागद कोरा राखायचा असतो.

गडदपणा आणण्याच्या तीन रीती आहेत. पहिली समांतर रेघांची. रेघा जवळ आल्या की गडद, लांब गेल्या की उजळ. दुसरी जाळीची. एका दिशेच्या रेघांवरून दुसऱ्या दिशेच्या रेघा, बाजेच्या विणीसारख्या. तिसरी ठिपक्यांची. दाट ठिपके म्हणजे सावली, विरळ म्हणजे उजेड. रेघा वस्तूच्या अंगाने वळवल्या तर गोलाई लवकर दिसते. घागरीच्या पोटावरून हात फिरवावा तशी रेघ फिरली पाहिजे. बोटाने चोळून काळे करण्याचा मोह टाळा. त्याने सावली येत नाही, नुसता मळ येतो.

कृषी महाविद्यालयात आमच्या प्रात्यक्षिकाच्या वहीत पाने, फुले आणि किडी काढाव्या लागत. तिथे नियम कडक. रेघ एकसंध हवी, चोळाचोळ नको, छटा द्यायची तर ठिपक्यांनी, आणि नमुन्यात जे नाही ते चित्रात नको. तेव्हा ही शिक्षा वाटे. पुढे मिरचीच्या त्या प्रकरणानंतर कळले की ते चित्रकलेचे नव्हे, बघण्याचेच शिक्षण होते. वही पूर्ण करून गुण मिळवले आणि सवय तिथेच सोडून आलो, हा दोष माझा.

आता पान काढू

पान म्हटले की मुले न बघताच पिंपळपान काढतात. मनातले पान आधी बाजूला ठेवा. मिरचीचे एक पान तोडून पांढऱ्या कागदावर ठेवा आणि दोन मिनिटे पेन्सिलीला हात न लावता नुसते बघा. मग असे करा.

प्रथम देठ आणि मधली शीर एका हलक्या रेघेत काढा. ती सरळ आहे की एका अंगाला झुकली आहे, ते बघा. मग पेन्सिल आडवी धरून पानाची रुंदी अंगठ्याने मापा आणि ती लांबीत किती वेळा बसते ते मोजा. तेवढ्या खुणा करा. सर्वांत रुंद भाग देठाकडे आहे की मध्यावर, हेही खुणेने दाखवा. आता कड. एक बाजू काढून झाली की दुसरी तिच्यासारखीच काढू नका. दोन बाजू कधी हुबेहूब नसतात. जिथे कड वर वळते तिथे पानाची पाठ दिसू लागते, जिथे खाली वळते तिथे कड दडते. ती वळणे सावकाश काढा. मग बाजूच्या शिरा, कुठून फुटतात आणि कुठे विरतात ते बघून. शेवटी वळलेल्या भागाखाली तिरप्या रेघांची सावली द्या. डाग असतील तर त्यांची कडही बघा: गोल आहे की कोनदार, आत वर्तुळे आहेत की नाहीत. खाली तारीख, पीक, वावराचे नाव आणि पेरणीला किती दिवस झाले ते लिहा.

अर्धा तास लागेल. पण त्या अर्ध्या तासात तुम्ही पान जितके बघाल, तितके हंगामभरात बघितले नसेल.

कोणी म्हणेल, आता मोबाइल आहे, फोटो काढून पाठवला की झाले. फोटो अवश्य पाठवा. माझ्या कामाला त्याची फार मदत होते. पण फोटो क्षणात निघतो आणि काढणाऱ्याने पान बघितलेच पाहिजे असे नाही. पानाची पाठ दाखवायला माणसे हटकून विसरतात. चित्र काढणारा विसरत नाही. त्याने पान उलटून पाहिलेले असते.

शाळेतल्या मुलांना याचा आणखी एक फायदा. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांना बसायचे असेल, तर वस्तुचित्र आणि स्मरणचित्र यांना हाच सराव कामी येतो. घरातला तांब्या, पाटी, कांद्याची जुडी, दारातली शेळी, याहून चांगले नमुने शहरातल्या मुलांना तरी कुठे मिळणार? आणि मुलगी चित्र काढीत बसली तर "काम सोडून रेघोट्या काय मारतेस" असे म्हणण्याआधी एकदा वहीत डोकावून बघा. तुमच्याच वावरातली एखादी गोष्ट तिथे असेल, जी तुमच्या नजरेतून सुटली आहे.

या आठवड्याचा अभ्यास असा. पाऊस उघडला की घरातल्या प्रत्येकाने आपल्या वावरातले एक निरोगी आणि एक बिघडलेले पान आणावे. दोन्ही शेजारी शेजारी काढावीत. आजीलाही पेन्सिल द्या. तिची रेघ कापेल, पण तिची नजर तुमच्यापेक्षा जुनी आहे. दोन चित्रांत काय फरक पडला तो खाली एका ओळीत लिहा. आणि पुढच्या वेळी माझ्याकडे किंवा तुमच्या सहाय्यक कृषी अधिकाऱ्यांकडे याल तेव्हा रोगाचे नाव सांगू नका. वही दाखवा. नाव आपण मिळून शोधू.