मोठं इंजिन नको, सरावाला पेट्रोल द्या



शेवगाव तालुक्यात जायकवाडीच्या फुगवट्याला लागून असलेल्या एका गावाच्या ग्रामसभेला मागच्या महिन्यात मी हजर होतो. उसातल्या हुमणीबद्दल चार शब्द सांगून निघायचं, एवढंच माझं काम. तेवढ्यात ठराव आला. गावाच्या पूरबोटीला बसवलेलं १५ एचपीचं इंजिन कमी पडतं, पाच माणसं घेतली की बोट तोंड वर करून उभी राहते, सबब ४० एचपीचं नवं इंजिन घेण्यात यावं. सूचक ठरलेले, अनुमोदक ठरलेले, खर्च कुठल्या हेडात टाकायचा तेही ठरलेलं. मी उठून म्हटलं, हा ठराव तहकूब ठेवा. त्यावर एका मेंबरनं विचारलं, "भाऊसाहेब, तुम्ही खताबियाण्याचे साहेब. बोटीतलं तुम्हाला काय कळतं?"

प्रश्न रास्त आहे. सभेत सगळं सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहितो. फुगवट्याकाठच्या आणि नदीकाठच्या बऱ्याच गावांना आज ना उद्या हा विषय येणारच आहे.

तीन वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या तोंडावर शोध-बचाव पथकाच्या यादीत माझं नाव टाकलं गेलं. कारण एकच, मला पोहता येतं. शिकवणी अर्ध्या दिवसाची झाली. दोरी ओढून इंजिन चालू करून दाखवलं, फोटो निघाले, चहा झाला, सह्या झाल्या. आठवडाभरानं मी पहिल्यांदा दांड्यावर बसलो. शेजारी मिस्तरी, पायाशी पेट्रोलची टाकी. बरोबर आलेले दोघे पाणी उडतं म्हणून पुढे न बसता माझ्याजवळच टेकले. मी मूठ पिळली आणि बोटीचं तोंड असं वर गेलं की समोरचं पाणी दिसेना. मागची फळी पाण्याच्या वर जेमतेम चार बोटं उरली. घाबरून मी मूठ एकदम सोडली, आणि चूक झाली ती इथे. बोट थांबली, पण बोटीनं मागे उठवलेली लाट थांबली नाही. ती मागून आली आणि फळीवरून थेट आत. पोटऱ्यापर्यंत पाणी भरलं. आम्ही चौघं बादलीनं आणि टोपीनं पाणी उपसत होतो, तेव्हा जवळून जाळं टाकत चाललेले एक म्हातारे भोई बाबा होडी थांबवून म्हणाले, "साहेब, गाडी उलाळ झालीय तुमची."

त्या एका वाक्यात जे कळलं, ते शिकवणीच्या अर्ध्या दिवसात कळलं नव्हतं. बैलगाडी भरलेल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. भार मागे गेला की जू वर उचलतं आणि बैलाच्या गळ्याला सापती आवळते. भार पुढे आला की जू मानेवर बसतं. भरणारा माणूस गोणी हातभर पुढे-मागे सरकवतो आणि गाडी समतोल करतो. बोटीचं तेच, फक्त इथे चाकाचा आस नाही आणि खाली पाणी आहे.

हिशोब करून पाहा. १५ एचपीचं इंजिन ४० किलोच्या आसपास. चालवणारा ७० किलो. भरलेली टाकी २० किलो. म्हणजे कोणी बसायच्या आधीच बोटीच्या शेवटच्या तीन-चार फुटांत १३० किलो. त्यात आणखी दोन माणसं मागे बसली तर तोंड वर जाणार नाही तर काय होईल? ४० एचपीचं इंजिन वजनाला जवळजवळ दुप्पट भरतं. ते लावलं म्हणजे उलाळ गाडीच्या मागच्या टोकाला आणखी एक गोणी बांधण्यासारखं झालं. शिवाय बोट बांधणाऱ्यानं मागची फळी किती एचपीसाठी केली आहे, याची एक मर्यादा असते. ती बोटीच्या पाटीवर पाहा, नाहीतर बांधणाऱ्याकडून लेखी घ्या.

बाबांनी आमची टाकी नळी पुरेल तितकी पुढे सरकवायला लावली, एकाला मधल्या फळीवर आणि एकाला अगदी पुढे बसवलं. तेच इंजिन, तीच बोट. मूठ हळूहळू पिळली, तोंड थोडं उचललं आणि मग खाली बसलं. बोट सरळ चालायला लागली.

वजन जागेवर आल्यावर पुढची गोष्ट इंजिनाच्या कलाची. ही पुष्कळांना माहीतच नसते. इंजिन ज्या शिकंजानं फळीला आवळतात, त्याच्या खालच्या भागात चार-पाच भोकं असतात आणि त्यातून एक आडवी पिन जाते. इंजिनाचा पाय त्या पिनीवर टेकतो. पिन बोटीकडच्या भोकात घातली की पंखा बोटीच्या बुडाकडे येतो, बोटीचा मागचा भाग उचलतो आणि तोंड दबतं. पिन बाहेरच्या भोकात घातली की पंखा मागे जातो आणि तोंड वर येतं. ट्रॅक्टरवाल्यांनी टॉप लिंक आठवावी. आटा दोन फेरे फिरवला की नांगर खोल जातो किंवा वर येतो, ट्रॅक्टरची ताकद मात्र तीच असते.

सुरुवात मधल्या भोकापासून करावी. पंख्याच्या वर जी आडवी पट्टी असते, ती बोट चालताना पाण्याला समांतर हवी आणि उंचीला बोटीच्या बुडाच्या रेषेत. तोंड फार वर राहिलं, किंवा बोट बेडकासारखी उड्या मारायला लागली, तर पिन एक भोक आत घ्या. तोंड पाण्यात घुसतंय, दांडा जड झालाय, बोट हात सोडला की एका बाजूला ओढते, असं असेल तर एक भोक बाहेर. एका वेळी एकच भोक, आणि तेही काठावर, इंजिन बंद करून. वळताना इंजिन एकदम ओरडतं पण बोट पुढे जात नाही, तेव्हा पंख्यात हवा शिरतेय असं समजा. इंजिन उंचावर बसलंय किंवा पिन फार बाहेर आहे. त्या गावची पिन पाहिली तर ती अगदी शेवटच्या, बाहेरच्या भोकात होती. पहिल्या दिवशी कोणी घातली कोण जाणे, त्यानंतर तिला कोणी हात लावला नाही. आणि तेवढ्यासाठी ४० एचपीचा ठराव!

एक मात्र खरं. बोट पूर्ण भरलेली असली की ती पाण्यावरून सरपटत धावणार नाही, पिन कुठेही घाला. तेव्हा तिला अर्ध्या मुठीवर संथ चालू द्यावी. पुरात माणसं काढताना वेगाचं काम नसतं.

दांड्याचं एक सांगतो, कारण नवा माणूस इथे हमखास चुकतो. बोट डावीकडे न्यायची तर दांडा उजवीकडे ढकलावा लागतो. ट्रॉली रिव्हर्स घेणाऱ्या पोरांना हे दोन मिनिटांत जमतं, इतरांना दोन तास लागतात. बोट पुढून वळत नाही, ती मागून फिरते. घाटाला लावताना तोंड वाचलं तरी मागचा भाग आपटतो तो म्हणून. ब्रेक नाही. घाट लांब असतानाच मूठ कमी करायची. वाऱ्याकडे किंवा प्रवाहाकडे तोंड करून लागायचं, म्हणजे वारा आणि पाणी हेच ब्रेक होतात.

इंजिनाची निगा शेतकऱ्याला वेगळी शिकवायला नको, पण दोन ठिकाणी सवय घात करते. फवारणीच्या पॉवर पंपाचं तेलाचं माप इथे लावू नका. बहुतेक टू-स्ट्रोक बोट-इंजिनांना ५० ला १, म्हणजे लिटरला २० मिली तेल पुरतं, नव्या इंजिनाला सुरुवातीला जास्त, ते पुस्तिकेत दिलेलं असतं. दुसरं, पाण्याबाहेर चालू करून "बघायचं" नाही. आतला रबरी पंखा पाण्यावाचून मिनिटभरातच खराब होतो. बघायचंच तर २०० लिटरच्या टाकीत पाय बुडवून बघा. चालू झाल्यावर मागून पाण्याची बारीक धार पडतेय ना, हे आधी पाहायचं. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा. आणि ती लाल दोरी चालवणाऱ्याच्या मनगटाला हवीच. तो पाण्यात पडला तर इंजिन बंद झालं पाहिजे, नाहीतर रिकामी बोट गोल फिरून त्याच्याच अंगावर येते. बऱ्याच गावांत ही दोरी पिशवीत जपून ठेवलेली मी पाहिली आहे.

आता मुख्य मुद्दा, सरावाचा. ८ ऑगस्ट २०१९ विसरू नका. सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यातलं ब्रह्मनाळ, कृष्णेचा महापूर. गावातल्या लोकांना बाहेर काढताना बोट उलटली आणि बायका-लेकरांसह डझनाहून जास्त माणसं गेली. बोटीत झेपतील त्यापेक्षा जास्त माणसं होती. २१ मे २०२४ ला उजनीच्या फुगवट्यात कुगाव ते कळाशी या मार्गावर वादळी वाऱ्यात बोट उलटून सहा जण गेले. त्या उजनीचं पाणी आपल्या कर्जत तालुक्याला लागून आहे. त्याच आठवड्यात अकोले तालुक्यात सुगाव बुद्रुकजवळ प्रवरेत बुडालेल्यांचा शोध घेताना राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची बोट उलटली आणि दलाचे तीन जवान गेले. ती तर शिकलेली, कसलेली माणसं. पाण्यापुढे त्यांचीही गत अशी होते, मग अर्ध्या दिवसाच्या शिकवणीवर आपण गावच्या पोराच्या हातात पुरातली बोट द्यायची का?

माझं मत असं. ज्यानं किमान दहा तास बोट चालवली नाही, त्यानं एकही प्रवासी घेऊ नये. पहिले तीन-चार तास रिकाम्या बोटीत, सोबत एक जाणता माणूस, सकाळी वारा पडलेला असताना. दोन खुणा धरून सरळ रेषेत जाणं, मग आठचा आकडा, मग घाटाला लागणं, शंभर वेळा. त्यानंतर माणसांऐवजी वाळूच्या गोण्या. पाच गोण्या मागे ठेवून बघा, मग पुढे, मग एका अंगाला. बोट कशी वागते ते अंगात मुरलं पाहिजे. मग पाण्यात भोपळा टाकून तो माणूस समजून उचलायचा. प्रवाहाच्या खालच्या अंगानं वर तोंड करून जायचं, हाताच्या अंतरावर आल्यावर इंजिन बंद करायचं, आणि एकानंच वाकायचं. सगळे एका बाजूला धावले की बोट उलटते. शेवटचे दोन तास दुपारच्या वाऱ्यात. लाटेला आडवी बोट कधी घालायची नाही, तिरकी घालायची. आणि बंधाऱ्याच्या जवळ, वर असो की खाली, जायचंच नाही. सांडव्याखालचं पाणी वरून शांत दिसतं आणि बोटीला मागे ओढतं.

चालवणारा गावातलाच का हवा, हेही सांगतो. जायकवाडीचा फुगवटा पसरट आणि उथळ आहे. उन्हाळ्यात पाणी हटलं की तुम्ही तिथे गाळपेर करता. त्यामुळे पाण्याखाली कुठे जुना बांध आहे, कुठे विहिरीचा कठडा, कुठे बाभळीची खुंटं, कोणाच्या मोटारीची केबल काठापासून किती लांब गेली आहे, हे बाहेरून आलेल्या पथकाला कसं कळणार? तुम्हाला ते पाठ आहे. गावातले भोई समाजाचे लोक वाऱ्याचा रंग बघून पाणी ओळखतात. चार पोरांत दोन तरी त्यांच्या घरातली घ्या आणि शिकवणाऱ्या म्हाताऱ्याला मानधन द्या. फुकट शिकवायला लावू नका.

खर्च काढू. चार पोरं, प्रत्येकी दहा तास, म्हणजे चाळीस तास. सरावाच्या मुठीवर तासाला सरासरी चार लिटर धरा, १६० लिटर झाले. लिटरला १०५ रुपयांनी सतरा हजारांच्या आत. तेल धरून वीस हजारांत बसतं. नव्या इंजिनाला लागणारी रक्कम याच्या कितीतरी पट आहे, आणि ते आल्यावरही चालवणारा तोच, उलाळ गाडी हाकणारा. अडचण एवढीच, की इंजिनाचं बिल लावता येतं, फोटो काढता येतो. "सरावासाठी पेट्रोल" लिहिलं की ऑडिटवाला लाल शेरा मारील, अशी ग्रामसेवकांना भीती. ती अगदीच खोटी नाही. म्हणून ग्रामसभेच्या ठरावातच तास, लिटर आणि पोरांची नावं लिहा, आणि दर फेरीची नोंद वहीत ठेवा: तारीख, वेळ, कोण, किती पेट्रोल. पंपाची पावती सोबत चिकटवा. बोटीची नोंदणी आणि तपासणी झाली आहे का, तेही त्याच बैठकीत विचारा. २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्यात यांत्रिक बोटींसाठी त्याची तरतूद आहे.

त्या गावचा ठराव तहकूब झाला, रद्द झालेला नाही. पुढच्या ग्रामसभेत तो पुन्हा येणार आहे. सभेच्या दिवशी सकाळी आठ वाजता बोट घाटावर लावून ठेवायला सांगितली आहे. पिन मधल्या भोकात घातली आहे, टाकी पुढे बांधली आहे, तेच म्हातारे बाबा दांड्यापाशी असतील. हात वर करायच्या आधी ज्या मेंबरांना पुढच्या फळीवर बसून बघायचं असेल त्यांनी यावं. एका फेरीला चौघेच घेऊ, जॅकेटं तेवढीच आहेत.