चार ट्रॅकांचे घर

सर्जनाची खुंटलेली गती पुन्हा मिळवण्यासाठी साधने वाढवण्यापेक्षा ती कमी करणे उपयुक्त ठरते, याला पॉल मॅकार्टनी यांच्या १९७० च्या ‘मॅकार्टनी’ या ध्वनिमुद्रिकेइतका ठसठशीत पुरावा क्वचितच सापडेल. बीटल्स हा बँड फुटू लागल्याने खचून स्कॉटलंडमधील आपल्या शेतावर जाऊन राहिलेल्या मॅकार्टनी यांनी १९६९ च्या अखेरीस लंडनच्या घरी चार ट्रॅकचे, म्हणजे एकाच फितीवर चार आवाज स्वतंत्रपणे नोंदवणारे, यंत्र आणले. सोबत मिक्सर नव्हता, आवाजाची पातळी दाखवणारा काटाही नव्हता, त्यामुळे मायक्रोफोन थेट यंत्राला जोडून आवाज फाटतो की काय, हे कानांनीच ठरवावे लागे. यंत्र तपासण्यासाठी नोंदवलेले ‘द लव्हली लिंडा’ हे मिनिटभरही न चालणारे गाणे, शेवटी ऐकू येणाऱ्या दाराच्या करकरीसह, ध्वनिमुद्रिकेच्या प्रारंभीच ठेवले गेले. मात्र ‘मेबी आय अ‍ॅम अमेझ्ड’ हे त्यातील सर्वाधिक गाजलेले गाणे ईएमआय या ध्वनिमुद्रण कंपनीच्या स्टुडिओत घडले, हे घरगुती ध्वनिमुद्रणाचे गोडवे गाणाऱ्यांनी विसरू नये. अनेक समीक्षकांना ही ध्वनिमुद्रिका अर्धवट वाटली आणि ती तक्रार सर्वस्वी निराधार नव्हती. परंतु या कामाने थांबलेला हात चालू झाला आणि पुढच्याच वर्षी ‘रॅम’ ही अधिक घडीव ध्वनिमुद्रिका आली. खिशातल्या मोबाइलवर ध्वनिमुद्रणाची सोय असलेल्या आजच्या गायक-वादकांनी स्टुडिओची तारीख मिळेपर्यंत थांबू नये, सुचलेली चाल त्याच दिवशी नोंदवावी.