आवड आणि प्रत

डिसेंबर जवळ आला की सीमाभागातल्या गाणे ऐकणाऱ्या मंडळींत एक वाद हमखास रंगतो. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव मोठा, की कुंदगोळला होणारा पुण्यतिथी उत्सव खरा? आणि या दोहोंपेक्षा मिरजेच्या दर्ग्यात उरुसाच्या वेळी होणारी गायनसेवा अधिक जिवंत नाही काय? एक म्हणतो, पुण्यात गायल्याशिवाय कलावंताचे नाव होत नाही. दुसरा म्हणतो, पुण्यात गर्दी पाहायला मिळते, गाणे ऐकायचे असेल तर कुंदगोळला चला. तिसऱ्याला मिरजेशिवाय दुसरे गाव ठाऊक नसते. अर्ध्या तासाने सगळे दमतात आणि कोणीतरी समारोप करतो, "जाऊ द्या हो, शेवटी ज्याची त्याची आवड!" या वाक्यावर सर्वांचे एकमत होते. माझे होत नाही. का होत नाही, हे सांगण्यासाठी हा लेख.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घेऊ. ज्यांच्यात आपण डावे-उजवे करतो ते हे तीन उत्सव एकाच घराण्यातले आहेत. किराना घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले. १९३७ साली ते निवर्तले आणि तिथल्याच ख्वाजा शमसुद्दीन मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात त्यांचे दफन झाले. त्यांचे शिष्य रामभाऊ कुंदगोळकर, म्हणजेच सवाई गंधर्व, हे धारवाड जिल्ह्यातले. घरची भाषा कन्नड, पण मराठी रंगभूमी त्यांनी गाजवली. ते १९५२ साली गेले आणि पुढच्याच वर्षी, १९५३ मध्ये, त्यांचे शिष्य भीमसेन जोशी यांनी गुरुस्मरणार्थ पुण्याचा महोत्सव सुरू केला. सवाई गंधर्वांच्याच दुसऱ्या शिष्या गंगूबाई हनगल हुबळीहून आगगाडीने कुंदगोळला शिकायला जात. मिरज, कुंदगोळ, पुणे ही अशी एका गुरुपरंपरेतली तीन गावे आहेत. भांडण आहे ते तीन भावंडांतले.

आता त्यांतला फरक पाहू. पुण्यात हजारो श्रोते मंडपात बसतात. शेवटच्या रांगेतल्या माणसापर्यंत सूर पोहोचतो तो ध्वनिक्षेपकातून. एका सत्रात अनेक कलावंत असतात, त्यामुळे प्रत्येकाचा वेळ बांधलेला. पूर्वी हा महोत्सव रात्रभर चालत असे आणि पहाटेच्या रागांनी संपत असे. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकावर निर्बंध आल्यापासून ते दिवस गेले. परिणाम असा की उत्तररात्रीचे राग त्यांच्या वेळी ऐकण्याचे सुख त्या मंडपातून जवळजवळ हद्दपार झाले. कुंदगोळला वाड्यातली बैठक. गवयाच्या कपाळावरची आठी दिसेल इतक्या अंतरावर श्रोता बसलेला. तिथे मंद्र सप्तकातला एखादा हळुवार स्वर मावळताना ऐकू येतो. पुण्याच्या मंडपात तोच स्वर मावळला हे कळायच्या आत टाळ्या पडू शकतात. मिरजेत तिकीट नाही. कलावंत सेवा म्हणून येतो, खाँसाहेबांच्या समाधीपाशी हजेरी लावतो. समोर जाणकार असतो, तसा नवस फेडायला आलेला शेतकरीही असतो.

तेव्हा यांतला श्रेष्ठ कोणता? प्रश्न असा विचारला तर उत्तर मिळणार नाही. जास्तीत जास्त माणसांपर्यंत चांगले गाणे पोहोचवण्यात पुण्याची बरोबरी नाही. राग सावकाश उलगडण्याला कुंदगोळची बैठक अधिक अनुकूल. गाणे आणि व्यवहार यांतला संबंध काही काळ तोडून दाखवण्यात मिरज पुढे. मापे निराळी आहेत, हे खरे. परंतु मापे निराळी आहेत म्हणून मापच नाही, असे ठरत नाही. दूध लिटरने मोजतात आणि कापड मीटरने. म्हणून कोणी दुकानदाराला "तुझ्या आवडीला येईल तेवढे दे" असे सांगत नाही.

निपाणीच्या विद्यार्थ्यांना तर हे मी सांगावे असे नाही. विडीच्या तंबाखूचा आपला बाजार दूरवर प्रसिद्ध. मुरलेला व्यापारी तंबाखू चिमटीत धरतो, चुरडतो, नाकाशी नेतो आणि प्रत सांगतो. त्याला स्वतःला विडी आवडते की नाही याच्याशी त्या प्रतीचा काही संबंध नसतो. दुसरा मुरलेला व्यापारीही बहुधा तीच प्रत सांगेल. दोघांत फरक पडला तर ते पुन्हा हुंगून पाहतात, वाद घालतात. "ज्याची त्याची आवड" म्हणून उठून जात नाहीत. आणि प्रत म्हणजे भाव नव्हे, हेही निपाणीला पक्के ठाऊक आहे. १९८१ साली शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली इथल्या तंबाखू उत्पादकांनी जे आंदोलन केले ते भावासाठी होते. उत्तम मालालाही बाजारात मातीमोल भाव येतो, हे दुःख त्यामागे होते. गाण्याच्या बाबतीत टाळ्या, गर्दी आणि बिदागी हा भाव झाला. प्रत त्याहून वेगळी.

कोणी म्हणेल, तंबाखूचे ठीक, गाण्याची प्रत सांगणार कोण? आपल्या पूर्वजांनी ती सांगण्याचा धीर दाखवला होता. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' लिहिला. या यादवांचे राज्य मराठी आणि कन्नड अशा दोन्ही मुलखांवर होते. शार्ङ्गदेवाने गायकांच्या उत्तम, मध्यम, अधम अशा प्रती लावल्या आणि गायकाचे पंचवीस दोष मोजून दिले. दात आवळून गाणारा, भीत भीत गाणारा, कावळ्यासारख्या आवाजाचा, उंटासारखी मान ताणणारा, नाकातून गाणारा, मन ठिकाणावर नसलेला, अशी ही यादी आहे. तिच्यात डोळे मिटून गाणाराही आहे! आज हा दोष लावला तर कित्येक मान्यवरांची पंचाईत होईल. म्हणजे यादीतले काही दोष काळाबरोबर गळून पडले. पण बेसूर गाणारा सातशे वर्षांपूर्वी जसा दोषी होता तसाच आजही आहे. कोणते दोष गळाले आणि कोणते टिकले, हे पाहिले म्हणजे आवड कुठे संपते आणि प्रत कुठे सुरू होते याचा थोडा अंदाज येतो.

याचे एक कारण पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहे. षड्ज आणि तारषड्ज यांच्या कंपनसंख्यांचे प्रमाण एकास दोन, षड्ज-पंचमाचे दोनास तीन. तंबोरा लावताना तारा जुळत आल्या की आवाजातली थरथर मंदावते आणि जुळल्या की थांबते. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तिथला कारागीर जवारी लावतो, तारेखाली सुताचा धागा सरकवतो आणि एका क्षणी "लागली" म्हणतो. त्या क्षणी खोलीतल्या प्रत्येकाला ती लागलेली कळते, मग तो कोणत्याही घराण्याचा का असेना.

मात्र येथे घाई करून चालणार नाही. बाली बेटावरच्या गामेलान वाद्यवृंदात जोडीची वाद्ये मुद्दाम किंचित वेगळ्या सुरांत लावतात, कारण त्यांतून उठणारी थरथर हाच तिथल्या संगीताचा प्राण. आपल्या तंबोऱ्यातला दोष तिथे गुण ठरतो. यावरून एवढेच घ्यावे की प्रत्येक संगीताचे माप त्याच्या पोटातून येते, बाहेरून लादता येत नाही. ख्यालाच्या मापाने भजन मोजू नये आणि भजनाच्या मापाने लावणी मोजू नये. पण बालीतही चांगला वादक आणि वाईट वादक असतोच, आणि तो तिथल्या लोकांना कळतोच.

मग आवडीला जागा कोठे? भरपूर आहे. वामनराव देशपांडे यांनी १९६१ च्या 'घरंदाज गायकी' या ग्रंथात घराण्यांची मांडणी स्वर आणि लय या दोन टोकांमध्ये केली. किराना स्वराकडे झुकलेले, आग्रा लयीकडे, जयपूर दोहोंचा तोल साधणारे. यांतले कोणते जवळचे वाटावे हा ज्याचा त्याचा अधिकार. मला स्वतःला किरान्याचा विलंबित ख्याल अधिक भावतो. परंतु मल्लिकार्जुन मन्सूर ऐकताना, हे माझ्या आवडीचे टोक नव्हे म्हणून हे कमी प्रतीचे, असे मी म्हणू लागलो तर मला वेडाच ठरवावे लागेल. गंगूबाईंचेच घ्या. घशाच्या विकारानंतर त्यांचा आवाज भरडा, जवळजवळ पुरुषी झाला. बाईचा आवाज गोडच असावा ही आवड धरून बसलेल्यांना तो सुरुवातीला रुचला नसेल. तरीही त्या आवाजातला स्वर इतका पक्का आणि रागाची बढत इतकी भारदस्त होती की आवडीलाच मागे सरावे लागले. प्रत नावाची वस्तू नसती तर असे घडलेच नसते. आवड आपल्या जागी खुशाल बसून राहिली असती.

यावर एक सबळ आक्षेप येतो. जाणकारही चुकतात. बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेल्या शिवपुत्राला, म्हणजे कुमार गंधर्वांना, परंपरेच्या अभिमान्यांनी काय कमी बोल लावले? हे मान्य आहे. पण कुमारांवरचा वाद मिटला तो कसा? ते गात राहिले, बंदिशी बांधत राहिले, त्यांच्या बाजूने आणि विरुद्ध कारणे देऊन लिहिले-बोलले गेले आणि पुष्कळांनी पुन्हा ऐकून आपले मत बदलले. मत बदलता येते याचाच अर्थ ते चूक किंवा बरोबर असू शकते. "ज्याची त्याची आवड" या वाक्याने सगळे थांबले असते तर कुमारांचे चाहते आपल्या घरी आणि निंदक आपल्या घरी राहिले असते. ऐकणे कोणाचेच सुधारले नसते.

आता ज्या कारणाने मी हा विषय या अंकासाठी घेतला तिकडे वळतो. काही वर्षांपूर्वी मी एका आंतरमहाविद्यालयीन गायनस्पर्धेला श्रोता म्हणून गेलो होतो. एका मुलीने कन्नड वचन म्हटले. संथ लय, स्वच्छ सूर, शब्द न शब्द कळेल असा उच्चार. तिच्यानंतर एका मराठी मुलाने नाट्यपद म्हटले. आवाज तडफदार, पण ताना घेताना सूर सुटत होता आणि लय पुढे धावत होती. सभागृहात आपली मंडळी जास्त. टाळ्या कोणाला पडल्या हे सांगायला नको, आणि बक्षीसही तिकडेच गेले. कार्यक्रमानंतर एका परीक्षकांना मी अदबीने कारण विचारले. ते हसून म्हणाले, "अहो सर, शेवटी आवडीचा प्रश्न आहे." उद्या सभागृहात त्यांची मंडळी जास्त असतील आणि आपला चांगला मुलगा मागे पडेल, तेव्हा हेच उत्तर आपल्याला गोड लागेल काय?

विद्यार्थी मित्रहो, प्रत हे केवळ आवडीचे दुसरे नाव असेल तर ज्यांची डोकी जास्त त्यांची आवड जिंकणार. थोड्या असलेल्यांना मग दाद मागायला जागाच उरत नाही. सूर लागला की नाही, लय राखली की नाही, शब्द नीट आले की नाही, ही मापे भाषा विचारत नाहीत. म्हणून आपल्यासारख्या दुभाषी मुलखात त्यांची गरज अधिक. मल्लिकार्जुन मन्सूर मिरजेत नीलकंठबुवांकडे शिकले, पुढे अल्लादिया खाँसाहेबांच्या मुलांकडे, मंजी खाँ आणि बुर्जी खाँ यांच्याकडे. वचने गायले ती कन्नडमध्ये. भीमसेनांनी अभंग मराठीत गायले आणि दासांची पदे कन्नडमध्ये. त्यांची प्रत मोजताना आपण भाषा विचारत नाही. मग वर्गातल्या मुलीची मोजताना का विचारावी?

संस्कृतच्या विद्यार्थ्यांना 'मालविकाग्निमित्र' आठवेल. गणदास आणि हरदत्त या दोन नाट्याचार्यांत श्रेष्ठ कोण असा वाद निघतो. राजा एकाच्या बाजूचा, राणी दुसऱ्याच्या. म्हणून निर्णयाला कौशिकी ही परिव्राजिका बसवतात. ती सांगते, वेशभूषा बेताची ठेवा म्हणजे अंगाच्या हालचाली स्पष्ट दिसतील. खरे म्हणजे हा सगळा बनाव राजाला मालविका दिसावी म्हणून रचलेला आणि बाई त्या कटात सामील! तरीही बनावाला दिसण्यापुरता का होईना न्याय्य करण्यासाठी कालिदासाला दोन गोष्टी आवश्यक वाटल्या: तटस्थ परीक्षक, आणि परीक्षेला आड येणारी झगमग दूर करणे.

आपल्या स्नेहसंमेलनात एवढे तरी करता येईल. परीक्षकांपुढे गायकाचे नाव आणि शाखा न ठेवता फक्त क्रमांक ठेवावा. दोन परीक्षकांपैकी एकाला मराठी आणि एकाला कन्नड उत्तम कळत असावी. सूर, लय, उच्चार आणि मांडणी यांचे गुण वेगवेगळे द्यावेत आणि मगच, शेवटी, "मला आवडले" यासाठी थोडे गुण राखावेत. टाळ्यांना गुण नाहीत. निकालाबरोबर परीक्षकांनी दोन-चार वाक्यांत कारणे सांगावीत. ती कोणाला पटली नाहीत तर त्यावर वाद व्हावा. तो वाद मराठी विभागात झाला तर कन्नड विभागातल्या मित्रांनाही बोलवावे. यंदाचे संमेलन अद्याप व्हायचे आहे. सांस्कृतिक मंडळाने या सूचनेचा विचार करावा, एवढीच विनंती.