अम्मीची सुई आणि बाबाचं पाणी

मागच्या जुम्म्याला नमाज संपवून बाहेर चपला शोधत होतो. तेवढ्यात एकानं मोबाइल पुढं केला. कापलेल्या वांग्यात बियांनी 'अल्लाह' लिहिलंय म्हणे. खाली मजकूर : अकरा जणांना पाठवा, संध्याकाळपर्यंत खूशखबर मिळेल. पाठवणारा माणूस शिकलेला. शाहूपुरीत स्वतःचं दुकान, जीएसटीचे हिशेब स्वतः बघतो, गिऱ्हाइकानं दिलेली पाचशेची नोट दोनदा उजेडात धरतो. मी म्हटलं, "भावा, मला वांग्यात वांगंच दिसतंय." तो चिडला. "तुझं ईमान कच्चं आहे," म्हणाला.

पाचशेची नोट तपासणाऱ्या माणसानं वांगं न तपासता पुढं पाठवायचं आणि ईमान माझं कच्चं! हसून सोडून दिलं असतं. पण हेच वाक्य चार वर्षांपूर्वी माझ्या अम्मीलाही ऐकवलं होतं, म्हणून सोडत नाही.

अम्मीला पंधरा वर्षांपासून साखर आहे. रोज सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन. नात्यातल्या कुणीतरी तिला एका बाबाकडं नेलं. कुठला, कोण, ते सांगत नाही, कारण तो एकटा नाही. त्यानं दम केलेल्या पाण्याची बाटली दिली, तीनशे रुपये घेतले आणि सांगितलं, सुई सोडा, अल्लाहवर तवक्कुल ठेवा. तिनं सुई सोडली. आम्हाला सांगितलं नाही, कारण सांगितलं तर बरकत जाते असंही त्यानंच सांगितलं होतं. तिसऱ्या आठवड्यात ती एका रात्री बडबडायला लागली, मग बोलायचीच थांबली. दवाखान्यात नेलं तेव्हा साखर पाचशेच्या वर. पायाला एक जखम झाली होती, तीही तिनं लपवली होती. उजव्या पायाचा अंगठा काढावा लागला.

मी बाबाकडं गेलो. भांडायलाच गेलो होतो. तो शांतपणे म्हणाला, "पाण्यात कसर नव्हती. यकीन कमी पडलं."

या धंद्याचं सगळं गणित या एका वाक्यात आहे. बरं वाटलं तर बाबाची करामत, नाही वाटलं तर आजाऱ्याचं ईमान कच्चं. नफा त्याचा, तोटा तुमचा. अम्मी दवाखान्यातून घरी आली ती अंगठा गेल्याच्या दुःखानं नाही, तर आपलं ईमान कमी पडलं या शरमेनं खचून. कित्येक दिवस तिला दुआ मागायचीही लाज वाटत होती. एका नमाजी बाईला अल्लाहसमोर उभं राहायची लाज वाटावी, याहून मोठं पाप त्या बाबानं काय करायचं राहिलंय?

महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. त्यासाठी वर्षानुवर्षं झटलेले डॉ. नरेंद्र दाभोलकर त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात मारले गेले. त्यांच्यानंतर कॉम्रेड गोविंद पानसरे आमच्याच कोल्हापुरात, २०१५ च्या फेब्रुवारीत. चमत्काराचा दावा करून लोकांना फसवणं, पैसे उकळणं या कायद्यानं गुन्हा आहे. मी तक्रार करतो म्हटल्यावर घरातले, गल्लीतले सगळे एकच बोलले : आपलं बाहेर कशाला न्यायचं, आधीच आपल्यामागं काय कमी आहे? ही भीती खोटी नाही. मीही याच शहरात राहतो. पण त्या भीतीच्या आडोशाला बाबा सुखानं दुकान चालवतो आणि आपल्याच आयांचे अंगठे जातात, हेही खोटं नाही. अम्मीनं शपथ घातली, म्हणून मी तक्रार केली नाही. त्याची टोचणी आजही आहे.

असो. कायदा बाजूला ठेवू, दीनचंच बोलू. मक्केच्या लोकांनी पैगंबर साहेबांकडं, सल्लल्लाहु अलैहि वसल्लम, काय मागितलं होतं? जमिनीतून झरा काढून दाखवा, खजुरांची बाग उभी करा, आभाळात चढून दाखवा. सूरह बनी इस्राईलमध्ये ही मागण्यांची यादीच आहे, आणि त्यावर उत्तर एवढंच की मी तर एक माणूस, पैगाम घेऊन आलेला. वांगं नाचवणाऱ्यांनी स्वतःला विचारावं, या प्रसंगात आपण कुठल्या बाजूला उभे आहोत.

दुसरा प्रसंग मला त्याहून मोठा वाटतो. पैगंबर साहेबांचा लहानगा मुलगा इब्राहीम वारला, त्याच दिवशी सूर्याला ग्रहण लागलं. मदिनेत लोक बोलू लागले, बघा, पैगंबरांच्या दुःखात सूर्यही सामील झाला. जरा विचार करा. काही बोलायची गरजही नव्हती. नुसतं गप्प बसलं असतं, तरी चमत्कार आपोआप पसरला असता. पण पोटचं मूल गेलेला बाप लोकांसमोर आला आणि सांगून गेला की सूर्य-चंद्र अल्लाहच्या निशाण्या आहेत, कुणाच्या जन्मामरणासाठी त्यांना ग्रहण लागत नाही. बुखारी शरीफमधली हदीस आहे ही. आपल्या मौलानांना माझ्यापेक्षा चांगली ठाऊक आहे.

आणि तरी २००६ च्या ऑगस्टमध्ये माहीमच्या खाडीचं पाणी गोड झालं म्हणून मुंबईत झुंबड उडाली. मखदूम शाह बाबांची करामत म्हणत लोकांनी बाटल्या भरल्या, लहान पोरांना पाजलं. तिथं मिठी नदी अख्ख्या शहराची घाण घेऊन समुद्राला मिळते आणि पावसाळ्यात तिचं पाणी खारेपणा कमी करतं. अधिकारी ओरडून सांगत होते, पिऊ नका. दोन-तीन दिवसांत उत्तरेत मूर्ती दूध पिऊ लागल्या, जशा १९९५ मध्ये देशभर प्यायल्या होत्या. या एका बाबतीत आपली एकी वाखाणण्याजोगी आहे!

इथं माझा एक चळवळीतला मित्र खूश होतो. म्हणतो, वांगं सोडलंस, बाबा सोडलास, आता अल्लाहही सोड. सगळं नियमानंच चाललंय, मग वर कुणी कशाला पाहिजे? अम्मीला रात्री दोन वाजता दवाखान्यात नेलं ती गाडी त्याचीच होती, तेव्हा त्याचं ऐकून घेणं भाग आहे. पण मला त्याचंही पटत नाही. त्यालाही आणि बाबालाही एकच वाटतं : नियम मोडला तरच तो देव. बाबा म्हणतो मोडला, मित्र म्हणतो मोडत नाही. मी म्हणतो, तो न मोडणं हीच निशाणी आहे.

शाहूपुरी ही मुळात गुळाची पेठ. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये वसवली. इथल्या जुन्या माणसाला ऊस आणि गूळ समजवावा लागत नाही. वर्षभर पंचगंगेचं पाणी, काळी माती आणि ऊन खाऊन एक गवत उभं राहतं आणि त्याच्या पोटात साखर भरते. रस काहिलीत उकळतो, भेंडीच्या चिकानं मळी वर येते, साच्यात ओतला की ढेप. शेजारच्याच वाफ्यातली मिरची तेच पाणी पिऊन तिखटजाळ होते. सूरह रअदमध्ये नेमकी हीच गोष्ट आहे : पाणी एकच, फळांची चव वेगळी, आणि यात निशाण्या आहेत त्या अक्कल चालवणाऱ्यांसाठी. अक्कल गहाण ठेवणाऱ्यांसाठी नव्हे. कुरआनात निशाणीला 'आयत' म्हणतात आणि कुरआनातल्या वाक्यालाही 'आयत'च. म्हणजे उसाचं कांडंही वाचायचं असतं. मित्र म्हणतो, ही तुझी सवय आहे, पुरावा नाही. असेल. पण गुळाचा खडा तोंडात टाकल्यावर मला कुणाचे तरी आभार मानावेसे वाटतात, आणि ते नियमाला मानता येत नाहीत.

पंचगंगाच बघा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये धोक्याची पातळी ४३ फूट असताना पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत पाणी शिरलं ते गणपतीच्या ऐन हंगामात. त्या दिवसांत कुणी म्हणालं, आमचं घर वाचलं, अल्लाहचा करम. मला ते गिळता आलं नाही. मग पलीकडच्या गल्लीवर त्याचा राग होता का? माझं ईमान खरं डळमळलं ते तेव्हा. सावरलं तेही तेव्हाच, पण ते घर वाचलं म्हणून नव्हे. गुडघाभर पाण्यातून पोरं माणसं उचलत होती, डेगा चढत होत्या, भात कुणाच्या पंगतीला जातोय ते कुणी विचारत नव्हतं. नदी तिच्या नियमानं चढली, नियमानं उतरली. माणसं मात्र नियमापेक्षा जास्त वागली. ते कुठून आलं, याचं उत्तर मला एकाच ठिकाणी सापडतं.

आता तवक्कुल. उंट बांध आणि मग भरवसा ठेव, हे आपल्याकडं मदरशातलं पोरही सांगतं. हजरत उमर शामकडं निघाले होते, पुढं प्लेगची साथ आहे कळल्यावर वाटेतून परत फिरले. अल्लाहच्या तकदीरपासून पळताय का, असं विचारलं गेलं, तेव्हा परत फिरणं हीही अल्लाहचीच तकदीर, असं त्यांचं उत्तर होतं. बाबा हे सांगत नाही, कारण यात बाटली विकता येत नाही.

१९२२ च्या जानेवारीत टोरोंटोत १४ वर्षांच्या एका मुलाला इन्सुलिनची पहिली सुई दिली गेली. त्याआधी अशी मुलं उपाशी ठेवून थोडे दिवस जगवत, मग ती जात. आज ती कुपी आमच्या फ्रिजमध्ये दुधाच्या पिशवीशेजारी असते. करामत बघायचीच असेल तर तिथं बघा. अम्मी आता बिस्मिल्लाह म्हणून सुई टोचते, नाश्ता करते आणि मग दुआ मागते. लाज गेलीय, पण वर्ष लागलं.

हे सगळं जुम्म्याच्या बयानात सांगा, औषध सोडणं म्हणजे तवक्कुल नव्हे एवढं तरी बोला, अशी विनंती मी मौलानांना केली. ते म्हणाले, "बघू, लोक नाराज होतील." त्याला तीन जुम्मे झाले. या जुम्म्याला पुन्हा विचारणार आहे, आणि या वेळी अम्मीची फाइल सोबत नेणार आहे.